कार्समधला डॉक हडसन आठवतोय? त्याच्या मागे मार्शल टीग नावाच्या माणसाची खरी गोष्ट आहे

पिक्सारचा कार्स हा पिक्चर २००६ मध्ये आला. त्यातला लाल लायटनिंग मॅक्वीन सगळ्यांना आठवतो. त्याच्याइतकाच लक्षात राहतो तो गावातला खडूस म्हातारा, डॉक हडसन. गावकऱ्यांना तो साधा डॉक्टर वाटत असतो. मग त्याच्या गॅरेजमध्ये पिस्टन कपच्या ट्रॉफ्या सापडतात आणि कळतं की हा गडी एके काळी रेसिंगचा बादशाह होता.

पिक्चरमधली पात्रं काल्पनिक आहेत, पण डॉक ज्या गाडीवर बेतलाय ती गाडी खरी आहे. नाव हडसन हॉर्नेट, मॉडेल १९५१. अमेरिकेतल्या रेसच्या मैदानावर या गाडीनं सलग तीन-चार वर्षं भल्याभल्यांना धूळ चारली होती.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. या गाडीचं इंजिन त्या काळीच जुनाट समजलं जायचं. सहा सिलेंडरचं, फ्लॅटहेड. समोरच्या गाड्यांमध्ये आठ सिलेंडरची नवीकोरी व्ही-एट इंजिनं होती. कागदावर हडसनचा काहीच चान्स नव्हता.

तरी ती जिंकली. तिला मैदानात उतरवणाऱ्या माणसाचं नाव होतं मार्शल टीग. आज गोष्ट त्याची.

वाळूवरचा राजा

टीग १९२१ सालचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं डेटोना बीच हे त्याचं गाव. आता गावच असं की तिथे वाढलेल्या पोराला गाड्यांचं वेड लागलं नाही तरच नवल.

डेटोनाच्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट बसलेली आणि सपाट असते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगातले वेगाचे रेकॉर्ड इथे व्हायचे. १९३५ मध्ये ब्रिटनच्या माल्कम कॅम्पबेलनं याच वाळूवर ताशी २७६ मैलांचा वेग गाठला. त्यानंतर रेकॉर्डवाले युटाच्या मिठाच्या मैदानाकडे गेले. डेटोनाकरांनी मग दुसरा उद्योग काढला. १९३६ पासून तिथे स्टॉक कारच्या रेस सुरू झाल्या.

स्टॉक कार म्हणजे काय, तर शोरूममधून निघते तशीच गाडी. रेससाठी वेगळी बांधलेली नाही, तर शेजारच्या काकांनी घेतलेलीच.

रेसचा रस्ताही भन्नाट होता. अर्धी रेस गावाच्या डांबरी रस्त्यावरून आणि अर्धी समुद्राच्या वाळूवरून. वळणावर वाळूत खड्डे पडायचे, गाड्या उलटायच्या, भरतीची वेळ बघून रेस ठेवावी लागायची. अशा ठिकाणी टीग इतका तरबेज झाला की लोक त्याला किंग ऑफ द बीच म्हणायला लागले.

गाडी चालवणं हे त्याचं अर्धंच कौशल्य. तो हाडाचा मेकॅनिक होता. गाडी कुठे कमी पडते हे स्टिअरिंगवर बसून ओळखायचं आणि मग बॉनेट उघडून स्वतःच्या हातानं त्यावर इलाज करायचा, हा त्याचा खाक्या.

नॅसकारचा पहिला खजिनदार

त्या काळी अमेरिकेत स्टॉक कार रेसिंगचा नुसता बाजार मांडलेला होता. प्रत्येक गावाचे नियम वेगळे. काही ठिकाणी तर आयोजक बक्षिसाचे पैसे घेऊन रेस संपायच्या आधीच पसार व्हायचे.

हे सगळं एका छत्राखाली आणायचं डोक्यात घेतलं बिल फ्रान्स यांनी. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात ड्रायव्हर, मेकॅनिक आणि आयोजकांची बैठक बोलावली. त्यातून जी संस्था उभी राहिली ती म्हणजे नॅसकार. आज अब्जावधी डॉलरचा धंदा करणारी हीच ती नॅसकार.

या संस्थेचे अध्यक्ष झाले बिल फ्रान्स आणि खजिनदार म्हणून निवड झाली मार्शल टीगची. म्हणजे तो तिथला नुसता ड्रायव्हर नव्हता, तर पाया रचणाऱ्यांपैकी एक होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच घरातून त्याला बाहेर पडावं लागणार होतं.

१९४९ मध्ये नॅसकारची स्टॉक कारची मोठी मालिका सुरू झाली. लवकरच एका गाडीनं सगळ्यांना मागे टाकलं, ती म्हणजे ओल्ड्समोबिल रॉकेट ८८. तिच्यात आधुनिक व्ही-एट इंजिन होतं, १३५ हॉर्सपॉवरचं. १९५१ मध्ये क्रायस्लरनं तर १८० हॉर्सपॉवरची व्ही-एट आणली.

याच वेळी डेट्रॉइटमधल्या हडसन या तुलनेनं छोट्या कंपनीनं हॉर्नेट बाजारात आणली. व्ही-एट बनवायला लागणारा पैसा हडसनकडे नव्हता. म्हणून त्यांनी जुन्याच पद्धतीचं सहा सिलेंडरचं इंजिन मोठं करून बसवलं. ताकद १४५ हॉर्सपॉवर.

फ्लॅटहेड म्हणजे नक्की काय?

इंजिनाच्या सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत येतं, पेटतं आणि धूर बाहेर जातो. ही ये-जा वॉल्व्हमधून होते. आजच्या इंजिनात हे वॉल्व्ह सिलेंडरच्या वर, हेडमध्ये असतात. त्यामुळे मिश्रण वरून थेट खाली उतरतं.

फ्लॅटहेडमध्ये वॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये बसवलेले असतात. वर फक्त एक सपाट झाकण. म्हणून नाव फ्लॅटहेड. रचना सोपी, आवाज कमी, बनवायला स्वस्त, दुरुस्त करायला सोपं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिनही याच पद्धतीचं होतं, फक्त चार सिलेंडरचं. आपल्या कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत सुरुवातीला ज्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जायच्या, त्यातही सहा सिलेंडरचं फ्लॅटहेडच असायचं.

पण या इंजिनाला एक जन्मजात दुखणं आहे. त्याला श्वास नीट घेता येत नाही.

मिश्रण आधी शेजारच्या वॉल्व्हमधून वर येतं, मग झाकणाखाली वळतं आणि मग सिलेंडरमध्ये उतरतं. धुराला परत तोच वाकडा रस्ता. इंजिन जोरात फिरायला लागलं की ही वळणं नडतात आणि सिलेंडर पूर्ण भरतच नाही.

मग ताकद वाढवायची कशी? साधा उपाय म्हणजे कॉम्प्रेशन वाढवायचं. म्हणजे मिश्रण आणखी दाबून पेटवायचं. त्यासाठी हेड घासून झाकण खाली आणायचं. पण झाकण खाली आलं की वॉल्व्हच्या वरची मोकळी जागाही कमी होते आणि श्वासाचा रस्ता अजून चोंदतो. दाब वाढवला तर श्वास कमी, श्वास मोकळा केला तर दाब कमी. फ्लॅटहेडवर काम करणारा प्रत्येक मेकॅनिक याच पेचात अडकायचा.

मग हडसनच का?

टीगनं अशी गाडी निवडली, तेव्हा त्याला वेड लागलेलं नव्हतं. हॉर्नेटमध्ये त्याला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट इंजिनाचा आकार. ३०८ घन इंच, म्हणजे पाच लिटरच्या थोडं वर. सिलेंडर फक्त सहा, पण त्यातला पिस्टन तब्बल साडेचार इंच वर-खाली व्हायचा. त्यामुळे कमी वेगातही इंजिनाला जबरदस्त ओढ होती. वाळूतून किंवा मातीच्या वळणातून बाहेर पडताना हीच ओढ कामाला यायची.

दुसरी गोष्ट इंजिनाचं लोखंड. ब्लॉक कठीण मिश्रधातूचा होता. तो जास्त ताकद सहन करेल अशी खात्री होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हडसननं १९४८ पासून गाडीची फरशी चासीच्या वर न ठेवता चासीच्या पट्ट्यांच्या मध्ये खाली नेली होती. गाडीत बसताना एक पायरी खाली उतरल्यासारखं व्हायचं, म्हणून या रचनेला स्टेप-डाऊन म्हणायचे. यामुळे गाडीचं वजन जमिनीलगत आलं. वळणावर बाकीच्या गाड्या बोटीसारख्या कलायच्या, हडसन मात्र रस्त्याला चिकटून जायची. सरळ रस्त्यावर मागे पडलो तरी वळणावर गाठू, असा साधा हिशोब होता.

११ फेब्रुवारी १९५१ ला डेटोनाच्या वाळूवर टीगनं हॉर्नेट उतरवली आणि रेस जिंकली. नॅसकारच्या मोठ्या मालिकेतला हडसनचा हा पहिला विजय. ही तारीख लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

अपॉइंटमेंट न घेता थेट कंपनीत

टीगनं पुढे एक धाडस केलं. कुणाशी ओळख नाही, वेळ ठरवलेली नाही, आणि हा गडी थेट मिशिगनला हडसनच्या कारखान्यात जाऊन धडकला. मी तुमची गाडी रेसमध्ये पळवतो, तुम्ही मला मदत करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आज कंपन्या रेसिंग टीमवर पाण्यासारखा पैसा ओततात. तेव्हा हा प्रकार नवा होता. पण भेट संपेपर्यंत हडसननं गाड्या आणि पाठबळ दोन्ही द्यायची तयारी दाखवली. कार कंपनीनं स्टॉक कार रेसिंगमध्ये उघडपणे उतरल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

पण आता एक अडचण होती. गाडी स्टॉक पाहिजे, हा नियम. घरी बनवलेला भाग लावला की बाद.

हडसनच्या इंजिनिअरांनी यावर जो तोडगा काढला त्याला आपल्याकडे जुगाड म्हणतील. व्हिन्स पिगिन्स हा त्यातला महत्त्वाचा माणूस. रेससाठी लागणारे भाग कंपनीनं स्वतःच्या कॅटलॉगमध्येच टाकले, सीव्हियर युसेज या नावाखाली. म्हणजे गाडीचा वापर फार खडतर असेल तर हे भाग घ्या. कुणीही गिऱ्हाईक शोरूममध्ये जाऊन ते मागवू शकत होतं. गिऱ्हाइकाला मिळतं म्हणजे ते स्टॉक झालं, विषय संपला.

सहा सिलेंडरमधून ताकद कशी काढली?

आता मेन मुद्दा. या जुन्या इंजिनात नक्की केलं काय?

सुरुवात कार्ब्युरेटरपासून. सहा सिलेंडर एका रांगेत असले की इंजिन लांबलचक होतं. मधोमध एकच कार्ब्युरेटर असेल तर मधल्या सिलेंडरना पोटभर मिळतं आणि टोकाचे उपाशी राहतात. पंगतीत वाढपी एकटाच असल्यावर होतं तसं. हडसननं दोन कार्ब्युरेटर बसवले आणि खालचा मॅनिफोल्डही त्यानुसार बदलला. नाव दिलं ट्विन एच-पॉवर. १९५३ च्या हॉर्नेटवर एवढ्या बदलानं १४५ चे १६० हॉर्सपॉवर झाले. ही सोय तर साध्या गिऱ्हाइकालाही मिळायची.

मग धूर. सहाही सिलेंडरचा धूर एकाच पाइपमध्ये सोडला की एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून पुढच्या तीन सिलेंडरचा पाइप वेगळा, मागच्या तीनचा वेगळा. अशा इंजिनात पुढचा एक आणि मागचा एक असे सिलेंडर आळीपाळीनं पेटतात. त्यामुळे पाइप वेगळे केले की प्रत्येक पाइपमध्ये दोन धक्क्यांच्या मध्ये समान अंतर राहतं आणि धूर पटकन निघतो.

त्यानंतर खरी शस्त्रक्रिया. वॉल्व्ह मोठे केले. वॉल्व्ह जास्त उघडेल आणि जास्त वेळ उघडा राहील असा कॅमशाफ्ट टाकला. सिलेंडर बोअर करून आणखी रुंद केले. वॉल्व्ह आणि सिलेंडरच्या मधला ब्लॉकचा भाग हलकासा खरवडून मिश्रणाला वाट करून दिली. यानं कॉम्प्रेशन थोडं कमी होतं, म्हणून ते भरून काढायला जास्त कॉम्प्रेशनचं वेगळं हेड बसवलं.

मघाशी सांगितलेला दाब आणि श्वासाचा पेच असा थोडाथोडा, दोन्ही बाजूंनी सोडवला गेला. एका जादूच्या भागानं हे झालं नाही. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा हॉर्सपॉवर मिळवत गेले. या पूर्ण तयार इंजिनाला ७-एक्स म्हणायचे. त्याची ताकद होती २१० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे शोरूमच्या इंजिनापेक्षा जवळपास ४५ टक्के जास्त.

आणि ताकद वाढली म्हणजे बाकीचं मोडणार हे ओघानं आलं. त्यामुळे कॅटलॉगमध्ये मजबूत हब आणि ॲक्सलही होते. मातीच्या ट्रॅकवर चाक निखळणं म्हणजे थेट मरण. निम्म्या रेस तर न मोडता शेवटपर्यंत पोचल्यानंच जिंकल्या जायच्या.

मित्रांना पण गाडी दिली

टीगचा मोठेपणा इथे दिसतो. सापडलेलं गुपित त्यानं लपवून ठेवलं नाही.

डेटोनातच स्मोकी यूनिक नावाचा एक मेकॅनिक ट्रकचं गॅरेज चालवायचा. युद्धात बॉम्बफेकी विमान चालवून आलेला. स्टॉक कारचा त्याला काहीच अनुभव नव्हता. टीगनं त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. पुढे हाच यूनिक अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला रेसिंग मेकॅनिक झाला. कार्स ३ मध्ये डॉकचा जुना मेकॅनिक म्हणून जो स्मोकी दिसतो, तो याच्यावरच बेतलेला आहे.

दुसरा माणूस हर्ब थॉमस. नॉर्थ कॅरोलिनाचा तंबाखूचा शेतकरी. टीगच्या सांगण्यावरून त्यानं हडसन घेतली आणि यूनिकनं ती तयार केली. १९५१ ची डार्लिंग्टनची सदर्न ५०० ही प्रतिष्ठेची रेस थॉमसनं जिंकली आणि त्या वर्षीची चॅम्पियनशिपही.

मग काय, धडाकाच लागला. १९५२ मध्ये नॅसकारच्या मोठ्या मालिकेत ३४ रेस झाल्या. त्यातल्या २७ हडसननं जिंकल्या. टीम फ्लॉक चॅम्पियन झाला, तोही हडसनमध्ये. हाच फ्लॉक पुढच्या वर्षी गाडीत चक्क माकड घेऊन रेसला उतरायचा, पण तो किस्सा परत कधीतरी. १९५३ मध्ये पुन्हा थॉमस, पुन्हा हडसन. ३७ पैकी २२ विजय.

टीगच्या गाडीचा नंबर होता ६. दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, फॅब्युलस हडसन हॉर्नेट. नॅसकारच्या मोठ्या मालिकेत तो फक्त २३ रेस खेळला आणि त्यातल्या ७ जिंकल्या.

आता प्रश्न पडतो, फक्त २३ च का?

घर सोडावं लागलं

१९५२ च्या फेब्रुवारीत टीगनं डेटोनाची रेस परत जिंकली. पण त्याच वर्षी त्याचं आणि बिल फ्रान्स यांचं फाटलं. ज्या संस्थेचा तो पहिला खजिनदार होता, ती त्यानं सोडली आणि तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेच्या, ट्रिपल ए च्या, रेसमध्ये तो उतरायला लागला.

तिथेही गाडी हडसनच. १९५२ आणि १९५४ अशी दोनदा ट्रिपल ए ची स्टॉक कार चॅम्पियनशिप त्यानं मिळवली. पण नॅसकारच्या चॅम्पियनच्या यादीत त्याचं नाव कधीच आलं नाही. ज्यानं हडसनचा रस्ता शोधून दिला, तो रस्त्यावरून बाजूला झाला आणि ट्रॉफ्या मित्रांच्या कपाटात गेल्या.

तिकडे हडसन कंपनीचंही काही खरं नव्हतं. रविवारी रेस जिंकायची, पण सोमवारी शोरूममध्ये गिऱ्हाईक व्ही-एट मागायचं. मोठ्या कंपन्या दरवर्षी नवीन मॉडेल काढायच्या. हडसनचा उरलासुरला पैसा जेट नावाच्या छोट्या गाडीवर खर्च झाला आणि ती चालली नाही. १ मे १९५४ ला हडसनचं नॅश कंपनीत विलीनीकरण झालं आणि अमेरिकन मोटर्स तयार झाली. १९५७ नंतर हडसन हे नावही बंद पडलं.

गंमत बघा, विलीनीकरणाच्या त्या १९५४ सालीसुद्धा हडसननं नॅसकारच्या १७ रेस जिंकल्या होत्या. सहा सिलेंडरचं इंजिन कंपनी बुडाली तरी जिंकत होतं.

शेवटची फेरी

टीग थांबला नाही. तो अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेसकडे, इंडियानापोलिस ५०० कडे वळला. १९५७ मध्ये तिथे तो सातवा आला.

इकडे त्याच्या गावात बिल फ्रान्स यांनी वाळूवरची रेस बंद करून अडीच मैलांचा प्रचंड ट्रॅक बांधला होता, डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे. त्याची वळणं ३१ अंशात कललेली. उद्घाटनाची पहिली मोठी रेस २२ फेब्रुवारी १९५९ ला ठरली होती.

त्याआधी या ट्रॅकवर बंद ट्रॅकवरच्या वेगाचं जागतिक रेकॉर्ड मोडायचं ठरलं. तेव्हाचं रेकॉर्ड इटलीच्या मोन्झा ट्रॅकवरचं होतं, ताशी जवळपास १७७ मैल. त्यासाठी बोलावलं गेलं गावच्याच माणसाला, मार्शल टीगला. गाडी होती सुमार स्पेशल, चाकंही झाकलेली, विमानासारख्या अंगाची.

९ फेब्रुवारीला त्यानं ताशी १७१ मैलांच्या पुढे, म्हणजे साधारण २७६ किलोमीटरचा वेग गाठला. आणखी सहा मैल हवे होते.

११ फेब्रुवारीला तो परत ट्रॅकवर आला. वळणावर गाडी घसरली, उलटत गेली आणि टीग सीटसकट बाहेर फेकला गेला. जागीच सगळं संपलं. या नव्या ट्रॅकवरचा तो पहिला बळी. वय ३७.

बरोबर आठ वर्षांपूर्वी, याच तारखेला, याच गावच्या वाळूवर त्यानं हडसनला पहिला विजय मिळवून दिला होता. अकरा दिवसांनी त्याच ट्रॅकवर पहिली डेटोना ५०० झाली. आज ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्टॉक कार रेस आहे.

मग डॉक हडसन म्हणजे टीग का?

पूर्णपणे नाही. डॉकमध्ये अनेक जण मिसळलेत. अपघातानंतर कारकीर्द संपणं हा भाग हर्ब थॉमसच्या आयुष्याशी जास्त जुळतो. त्यालाही १९५६ च्या मोठ्या अपघातानंतर रेसिंगमधून बाजूला व्हावं लागलं होतं. पण डॉकच्या अंगावर जे फॅब्युलस हडसन हॉर्नेट असं लिहिलंय, ते आधी टीगच्या गाडीवर होतं. आणि स्वतःला सापडलेलं दुसऱ्याला शिकवायचं हा डॉकचा स्वभावही टीगच्या जवळ जातो.

मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात हडसनची शेवटची डीलरशिप होती. आता तिथे म्युझियम आहे आणि थॉमसची ९२ नंबरची खरी हॉर्नेट उभी आहे. पिक्चर बघून आलेली पोरं तिला डॉक म्हणून हाक मारतात. तिचं बॉनेट उघडलं की एका रांगेतले सहा सिलेंडर आणि वर एक सपाट झाकण दिसतं.